लाभ, दोन, तीन

कोल्हापुरात सीपीआर म्हटलं
की रिक्षा दसरा चौकाकडं वळते.
इथं ते दवाखान्याचं नाव.
"सीपीआरला ठेवलंय" म्हणतात,
म्हणजे माणूस अजून आहे.
मगदूम सरांनी फळ्यावर ती अक्षरं लिहिली
तर मागनं कुणीतरी म्हणालं,
"सर, तिथंच बसलोय की आपण."

पुतळा फरशीवर.
धड आहे, पाय नाहीत,
कपाळावर कुणाच्या तरी तेलकट बोटांचा डाग.
खांदे हलवा. हाक मारा.
मदतीला "कुणीतरी या" म्हणू नका,
नाव घेऊन बोलवा.
मानेत नाडी बघा. दहा सेकंद, अकरावा नाही.
"मी करतो," म्हणत रुक्साना सिस्टर गुडघ्यांवर आली.
(आमच्याकडं बायका असंच बोलतात,
करतो, जातो, बघतो.
पुण्याच्या मॅडम एकदा हसून गेल्या.)

कोपरं ताठ. दोन इंच खाली.
मिनिटाला शंभरच्या वर, एकशेवीसच्या आत.
मोठ्यानं मोजा.
वीसपर्यंत सगळे नीट जातात.
तेवीस, चोवीस, पंचवीस,
शब्द तोंडात लांबत जातात
आणि एकोणतीस म्हणेपर्यंत
हात वाट बघत थांबतो.
तिसाच्या अलीकडं आपल्या भाषेनं
एक उंबरा घालून ठेवलाय,
तिथं प्रत्येकजण ठेचकाळला.

मग आप्पासो लोहार, वॉर्डबॉय.
नोकरी लागायच्या आधी मार्केट यार्डात
गुळाचे रवे उचलायचा.
त्यानं सुरू केलं:
लाभ, दोन, तीन, चार,
दहा झाले की पुन्हा लाभ.
तीनदा लाभ, मग दोन श्वास.
हिरवा दिवा पहिल्यांदाच
शेवटपर्यंत हिरवा राहिला.
"झकास," सर म्हणाले, "पण रेलू नका.
छाती पुरती वर येऊ दे,
रक्ताला परत यायला जागा लागते."

जेवणानंतर सरांनी पुतळा खाटेवर ठेवला.
दाबा म्हणाले. मी दाबलं.
दिवा लाल. आणखी जोर लावला. लालच.
"गादी दबतीय, सिस्टर.
पाठीखाली फळी सरकवा."

गडहिंग्लज. खासगी दवाखाना, माझं पहिलं वर्ष.
सात नंबरची खाट, स्प्रिंगची, नवीकोरी.
वीस मिनिटं मी त्या माणसाला दाबत होते.
बायको दारात, हातात थर्मास.
नंतर म्हणाली, "सिस्टर, तुमी लई केलंसा."
दोन दिवस मनगटं ठणकत होती.
वर्गात हे कुणाला बोलले नाही.
पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले,
नळ सोडून तशीच उभी राहिले.

पुढच्या मंगळवारी, केसपेपरच्या रांगेत
सरूडचे एक मास्तर उभ्या उभ्या खाली आले.
फरशी टणक आहे,
पहिलं हेच डोक्यात आलं.
"रुक्साना, एईडी! आप्पासो, रांग मागं घे!"
चौथ्या दाबाला हाताखाली
बरगडी वाजली, वाळली काटकी वाजावी तशी.
सरांनी सांगितलं होतं, वाजेल. थांबू नका.
लाभ, दोन, तीन.
खिडकीतला कारकून शिक्का उचलून धरलेला,
तो खाली ठेवायचं विसरला.
दोन मिनिटं. "सरका, आता मी," आप्पासो.
पुन्हा मी. पुन्हा तो.
यंत्र इंग्रजीत म्हणालं, दूर व्हा,
अख्खी रांग न कळता दूर झाली.

शनिवारी मास्तर उशाला टेकून पेज पीत होते.
चिडलेले.
"श्वास घेतला की कळ येती.
माझी बरगडी कुणी मोडली?"
मी मोडली, म्हणाले.
त्यांनी चष्मा लावून माझे हात बघितले
आणि वाटी पुढं केली, अजून थोडी दे म्हणून.

सात नंबरच्या माणसाची
एकही मोडली नव्हती.
सगळ्या जिथल्या तिथं होत्या.